फ्रान्सच्या कालव्यात स्वतः बोट चालवायची तर: नागपूरकरांसाठी पात्रता, व्हिसा आणि कागदपत्रं

आठवडाभर भाड्याची बोट घ्यायची, तीच स्वतः चालवायची, तिच्यातच स्वयंपाक करायचा आणि संध्याकाळी आवडेल त्या गावाच्या काठाला बांधून झोपायचं, अशी सुट्टी फ्रान्समध्ये घेता येते. त्यासाठी नाविक असावं लागत नाही, बोटीचा परवानाही लागत नाही. नागपुरातल्या बहुतेकांचा बोटीशी संबंध अंबाझरीच्या पायडल बोटीपलीकडे गेलेला नसतो, आणि तेवढ्यावरही भागतं. खरी मेहनत आहे ती व्हिसाच्या फाइलची. व्हिसाच्या अर्जात रोजच्या मुक्कामाचा पत्ता विचारतात आणि आपलं घर तर रोज पुढे सरकणार असतं. ही गाठ नीट सोडवली की बाकीचं सोपं आहे.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी दक्षिण फ्रान्समधला कनाल द्यू मिदी निवडावा, असं माझं स्पष्ट मत आहे. हा आपल्या पेंचच्या कालव्यासारखा सिंचनाचा कालवा नाही, नावा चालवण्यासाठीच तो खोदला. पिएर-पॉल रिके यांनी 1666 ते 1681 या काळात तो बांधून घेतला. तुलूझपासून समुद्रालगतच्या ‘तो’ नावाच्या खाजणापर्यंत त्याची लांबी साधारण 240 किलोमीटर आहे आणि 1996 पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. पाणी संथ, वेगाची मर्यादा ताशी 8 किलोमीटर, म्हणजे काठावरचा सायकलवाला आरामात पुढे जातो.

बोट चालवायला कोण पात्र?

फ्रान्समध्ये इंजिनाची बोट चालवायला एरवी परवाना लागतो. भाड्याच्या सुट्टीच्या बोटींना त्यातून सवलत आहे. भाडं देणारी कंपनी आपल्याला थोडं प्रशिक्षण देते आणि ‘कार्त द प्लेझान्स’ नावाचं कार्ड भरून देते. ते कार्ड त्याच बोटीपुरतं आणि त्याच भाड्याच्या मुदतीपुरतं चालतं. पुढच्या वर्षी पुन्हा गेलात तर पुन्हा नवं. त्यासाठी आधी कुठे अर्ज करायचा नसतो, परीक्षा नसते, चारचाकीचं लायसन्सही मागत नाहीत. ज्याच्या नावाने बोट, तो प्रौढ असावा आणि बोट चालत असताना बोटीवर हजर असावा. जबाबदारी त्याची.

कागदावरची पात्रता एवढीच. प्रत्यक्षात निदान दोन धडधाकट माणसं हवीत: एक सुकाणूवर, दुसरं दोर घेऊन काठावर उतरणारं. सत्तरीतल्या आईवडिलांना घेऊन जायला ही सहल फार छान आहे, पण दोघांनाच पाठवू नका. पोहता न येणाऱ्यांनी आणि लहान मुलांनी लाइफ जॅकेट चढवून ठेवायचं. ते बोटीसोबतच मिळतं. फक्त मुलांची वजनं बुकिंगच्या वेळीच कळवा.

बोटीचा करार म्हणजेच मुक्कामाचा पुरावा

हॉटेलच्या बुकिंगऐवजी आपल्याकडे बोटीचा करार असतो. तो मुक्कामाचा पुरावा म्हणून उभा राहायचा तर त्यात काय लिहिलंय ते तपासून घ्या. बोट कुठल्या तळावरून घेणार, कुठे परत देणार, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, बोटीत झोपायच्या जागा किती आणि बोटीवर राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव. कंपन्या सहसा फक्त बुकिंग करणाऱ्याचं नाव टाकतात. बाकीच्यांची नावं घालून सुधारित करार मागून घ्या, मागितल्यावर देतात.

नावांच्या स्पेलिंगकडे विशेष लक्ष द्या. आपल्याकडे पासपोर्टवर बहुधा स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जोडलेलं असतं, करारावर मात्र आपण घरगुती पद्धतीने दोनच नावं लिहितो. करार, विमा, विमानाचं आरक्षण, सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच, अक्षरन् अक्षर, नाव हवं. लग्नानंतर पासपोर्ट बदलला पण बँकेत जुनंच नाव राहिलं, असं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र फाइलला लावा.

बोट बहुतेक शनिवारी घेऊन शनिवारी परत द्यायची असते. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या रात्रींसाठी हॉटेलचं बुकिंग लागेल. एकही रात्र पत्त्याविना राहू देऊ नका.

कव्हर लेटरमध्ये दिवसवार प्रवास लिहा. ‘सात दिवस बोटीवर’ एवढं पुरत नाही. उदाहरणार्थ, त्रेबहून निघून ओंप्स, मग सोमाय, मग कापेस्तां, असा क्रम आणि कोणत्या रात्री कोणत्या गावाच्या काठाला थांबणार ते. दिवसाला चार-पाच तास चालवणं धरा, जास्त नको. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला बंदिस्त कप्पा, त्यात पाण्याची पातळी चढवून-उतरवून बोट वर-खाली नेतात. लॉक दुपारी जेवणाच्या सुट्टीत आणि संध्याकाळी बंद होतात, त्यामुळे कागदावर धावपळीचा बेत दिसला तर तो खोटाच वाटतो. अर्जांस गावाशेजारून बेझिए शहरापर्यंत जवळजवळ 54 किलोमीटर एकही लॉक नाही, सोमाय आणि कापेस्तां याच पट्ट्यात येतात. नवशिक्यांनी बेत याच्या भोवती आखावा.

अर्ज कोणत्या देशाकडे?

इथे पुष्कळ जण घसरतात. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा सामाईक व्हिसा, एकच असला तरी अर्ज त्या देशाकडे करायचा जिथे जास्त दिवस राहणार. बोट आठवडाभराची, आणि ‘एवढं गेलोच आहोत तर’ म्हणून पुढे इटली नऊ दिवस जोडली, तर अर्ज इटलीकडे जातो. दिवस सारखे भरले तर ज्या देशात आधी पाऊल ठेवणार तो. म्हणून आधी रात्री मोजा, मग अर्ज उघडा.

फ्रान्ससाठी अर्ज फ्रान्स-व्हिसा या सरकारी संकेतस्थळावर भरायचा, त्याची छापील प्रत काढून सही करायची आणि व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या व्हीएफएस कंपनीच्या केंद्रात वेळ घेऊन जायचं. प्रत्येकाचा अर्ज वेगळा, तान्ह्या बाळाचासुद्धा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, निदान 15 दिवस आधी तरी हवाच. निर्णय साधारण 15 दिवसांत येतो, पण शंका आली तर 45 दिवसांपर्यंत लांबू शकतो. शुल्क मोठ्यांना 90 युरो, सहा ते बारा वर्षांच्या आतल्या मुलांना 45, सहाच्या आत काही नाही. केंद्राचा सेवा आकार वेगळा. नकार आला तरी शुल्क परत मिळत नाही.

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, ही आपल्या बाजूची गोष्ट आहे. जूनमध्ये तिकडे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो आणि जुलै-ऑगस्टची गर्दी अजून सुरू झालेली नसते. (हिवाळ्यात दुरुस्तीसाठी कालवा बंद ठेवतात, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीचा बेत सहसा जमत नाही.) पण एप्रिल-मेमध्ये अख्ख्या देशाच्या फाइली व्हिसा केंद्रांवर पडतात. जूनला जायचं तर फेब्रुवारीत अर्ज भरा.

नागपूरहून मुंबईच्या केंद्रात जायचं तर रात्रीची दुरांतो किंवा विदर्भ धरून सकाळी पोहोचता येतं, मात्र भेटीची वेळ सकाळी नऊची घेऊ नका. गाडी दोन तास लेट झाली तर महिनाभर थांबून मिळालेली वेळ हातची जाते. दुपारची घ्या. बोटांचे ठसे 59 महिने चालतात. बारा वर्षांखालच्या मुलांचे घेत नाहीत. पासपोर्ट कुरिअरने घरी मागवता येतो, दुसरी खेप वाचते.

फाइलमध्ये काय काय

पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला. नसेल तर आधी ते काम. नागपूरला प्रादेशिक पासपोर्ट कार्यालय आहे, त्यामुळे यासाठी तरी बाहेर जायला नको. 35 बाय 45 मिलिमीटरचे फोटो. जाण्या-येण्याच्या विमानाचं आरक्षण. रद्द न होणारं तिकीट व्हिसाआधी काढू नका. प्रवास विमा निदान 30,000 युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा आणि सगळे दिवस झाकणारा.

पैशांचा पुरावा म्हणजे मागच्या तीन महिन्यांचं बँकेचं शिक्का-सहीचं स्टेटमेंट आणि आयकर विवरणपत्रं. फ्रान्सचा हिशेब असा: हॉटेलचं आरक्षण असेल तर माणशी दिवसाला 65 युरो, नसेल तर 120. बोटीचा करार हॉटेलसारखाच धरतील या भरवशावर न राहता मोठा आकडा धरून शिल्लक दाखवा. आणि अर्जाच्या आदल्या आठवड्यात काकांकडून दोन लाख खात्यात वळवू नका. स्टेटमेंटमध्ये ते लगेच दिसतं आणि संशयाला कारण होतं.

नोकरदारांना तीन महिन्यांच्या पगारपावत्या आणि तारखांसह रजा मंजुरीचं पत्र. दुकानदारांना गुमास्ता आणि जीएसटी नोंदणी. निवृत्तांना पेन्शनचा आदेश. काटोल-नरखेडकडच्या संत्रा बागायतदारांनी सातबारा, आठ-अ आणि बागेच्या विक्रीच्या पावत्या लावाव्यात. शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्याने विवरणपत्रात ते पुरेसं दिसत नाही आणि इथे भली सधन माणसं कागदावर गरीब ठरतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला अशा वेळी फार उपयोगी पडतो. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर सोबत हवं. सातबारा नुसता जोडला तर तो वाचणारा तिकडे कुणी नाही.

मुलांसाठी महानगरपालिकेचा जन्मदाखला आणि अर्जावर आई-वडील दोघांच्या सह्या. एकच पालक सोबत जात असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र. शाळेचं बोनाफाइड घेऊन ठेवा.

बोटीचे पैसे भरताना कंपनीला आधी लेखी विचारा: व्हिसा नाकारला तर आगाऊ रकमेचं काय? प्रत्येकाची अट वेगळी असते. उत्तर ईमेलवर येऊ द्या, फोनवरचं तोंडी आश्वासन नको. परदेशी पैसे पाठवताना पॅन लागतो, आणि टीसीएस (अशा रकमेवर आगाऊ घेतला जाणारा कर) कापला गेला तर तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो.

सामान आणि विमानतळ

बोटीवर गॅस, फ्रिज, भांडी असतात, कुकर बहुधा नसतो. सावजी मसाला, भाजणी, पापड न्या. पण दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपात बाहेरून आणायला बंदी आहे, म्हणजे तूप, पेढे, खव्याची संत्रा बर्फी घरीच राहू द्या. ताजी संत्रीसुद्धा: फळांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, सूट फक्त केळी, नारळ, अननस, खजूर, ड्युरियन एवढ्यांनाच. तिकडच्या कुणाला नागपूरची आठवण द्यायची असेल तर दुसरं काही शोधा.

सीमेवर आता पासपोर्टवर शिक्का न मारता फोटो आणि बोटांचे ठसे घेऊन नोंद करतात. करार आणि विम्याच्या छापील प्रती हातातल्या पिशवीत ठेवा, ‘कुठे उतरणार?’ या प्रश्नाला ‘बोटीवर’ हे उत्तर दिल्यावर कागद पुढे करता आला पाहिजे.

तळावर

दुपारनंतर बोट ताब्यात देतात. बोटीच्या नावाच्या माणसाचा पासपोर्ट आणि त्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड बघतात, कारण अनामत त्यावर अडकवून ठेवतात. मग बोटीची यादी आणि आधीचे ओरखडे तपासून सही. ही सही करण्यापूर्वी चारही बाजूंचे फोटो काढा. त्यानंतर प्रशिक्षण: पुढे, मागे, वळण, काठाला लावणं. तासाभरात आटोपतं. समजलं नाही तर पुन्हा विचारा, शिकवणारा घाईत असला तरी. हे झालं की कार्ड हातात.

एक गोष्ट प्रशिक्षणात सांगतातच, तरी इथेही लिहितो. लॉकमध्ये दोर काठाच्या खुंट्याला कधीच गाठ मारून बांधायचा नाही. खुंट्याभोवती एक वेढा द्यायचा आणि टोक हातात धरायचं. उतरताना पाणी खाली जातं तसतसा दोर सोडत राहायचं. गाठ मारलेली असेल तर पाणी खाली जातं आणि बोट दोराला लटकून कलंडते. दोर धरणाऱ्याच्या दुसऱ्या हातात मोबाइल नको. वेढ्याजवळ बोटं नेऊ नका.

डिझेलचा हिशेब इंजिन किती तास चाललं त्यावर होतो, भाड्यात तो नसतो. लॉकचे वेगळे पैसे नाहीत.

फ्रान्स सोडून

इंग्लंडच्या कालव्यांतली लांबट, अरुंद नॅरोबोट चालवायलाही परवाना लागत नाही. पण शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही. स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा वेगळा काढावा लागतो आणि अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासूनच करता येतो. तिथे बहुतेक लॉकचे दरवाजे स्वतः उघडायचे असतात, त्यामुळे हात-पाय धड असलेले तिघे-चौघे बरे. नेदरलँड्समध्ये 15 मीटरहून लहान आणि ताशी 20 किलोमीटरपेक्षा हळू बोटीला परवाना नको. जर्मनीत ठरावीक पाण्यावरच फ्रान्ससारखं भाडेकरूचं प्रमाणपत्र चालतं, तेव्हा बुकिंगपूर्वी मार्ग विचारून घ्या.

परत आल्यावर बोटीचा करार आणि जुना व्हिसा जपून ठेवा. एप्रिल 2024 पासून भारतात राहणाऱ्यांसाठी नियम असा आहे की मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा मिळवून नियमाप्रमाणे वापरले असतील तर पुढचा व्हिसा दोन वर्षांचा, कितीही वेळा जाता येईल असा मिळू शकतो, आणि त्यानंतर, पासपोर्टची मुदत पुरेशी असेल तर, साधारणपणे पाच वर्षांचा.