तांडा, वाडा आणि व्हॅन : खान्देशातल्या मुक्कामाची पार्श्वभूमी

दिवाळी सरली, रात्रीचा गारठा वाढला की खान्देशात परगावच्या नंबराच्या, आत बिछाना-शेगडी असलेल्या गाड्या दिसायला लागतात. काही ताफ्याने येतात. तोरणमाळचा घाट चढायचा, यशवंत तलावाच्या बाजूला गाड्या ओळीने लावायच्या, मध्ये ताडपत्री ताणायची, सगळ्यांचा चहा एकाच शेगडीवर टाकायचा आणि रात्री उशिरापर्यंत गप्पा हाणायच्या. काही गाड्या मात्र एकट्याच असतात. शिरपूरकडे अनेर धरणाच्या अंगाला किंवा यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात एखाद्या शेतकऱ्याला विचारून बांधाशेजारी उभ्या राहतात आणि उजाडल्यावर निघून जातात.

या दोघांचं एकमेकांशी फारसं पटत नाही. ताफ्यातले म्हणतात, एकट्याने रानात राहणं म्हणजे विषाची परीक्षा. रात्री गाडी बंद पडली, कुणी काच ठोठावली तर धावून येणार कोण? एकटे म्हणतात, तिथेही स्पीकर, जनरेटर आणि गर्दीच हवी असेल तर घर का सोडायचं? वाद रंगतो तो स्वभावावर: कुणाला माणसं हवीत, कुणाला नकोत. माझं मत वेगळं आहे. जमायचं की पांगायचं हे फिरस्त्यांच्या बाबतीत स्वभावाने फार कमी वेळा ठरलं. ते ठरवलं पाण्याने, चाऱ्याने, भीतीने आणि सरकारी हुकमाने. इंग्लंड-अमेरिकेत तसंच घडलं आणि खान्देशात तर त्याच्या कितीतरी आधीपासून.

आधी बाहेरची वंशावळ थोडक्यात पाहू. हौसेच्या तंबूमुक्कामाचा पाया घालणाऱ्यांत थॉमस हायराम होल्डिंग या लंडनच्या शिंप्याचं नाव घेतलं जातं. लहानपणी, १८५३ मध्ये, तो आईवडिलांबरोबर अमेरिकेच्या गवताळ मैदानांतून वसाहतवाल्यांच्या गाड्यांच्या मोठ्या काफिल्यातून गेला होता. पुढे त्याने सायकलवर मावेल असा हलका तंबू आणि सामान तयार केलं, आणि १९०१ मध्ये सायकलवरून तंबूमुक्काम करणाऱ्यांची संघटना काढली. एकट्याने राहायचं तंत्र शिकवायलाही चार माणसं जमवावी लागली, हे मला या इतिहासातलं सर्वांत बोलकं वाटतं. अमेरिकेत १९१९ मध्ये फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरी मोटारवाल्यांनी ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ नावाचा मेळा सुरू केला. हिवाळ्यात उबेला यायचं, डब्यातलं अन्न खायचं, एकमेकांच्या गाड्या दुरुस्त करायच्या. ओळख पटावी म्हणून रेडिएटरच्या झाकणावर रिकामा डबा डाखलेला असायचा.

१९५० मध्ये फोक्सवॅगनची टाइप-२ व्हॅन आली, पुढच्याच वर्षी वेस्टफालिया कंपनीने तिच्यात झोपायची-स्वयंपाकाची सोय बसवायला सुरुवात केली. साठ-सत्तरच्या दशकांत तशा व्हॅन आणि जुन्या बसगाड्या युरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तानमार्गे भारतात येत. त्यातल्या ज्यांना दिल्ली-आग्र्याहून मुंबई-गोव्याकडे रस्त्यानेच उतरायचं असे, त्यांच्यासाठी आग्रा रोड होता. तो सेंधव्याचा घाट उतरून शिरपूर, धुळे करत पुढे जातो. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षअखेर सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि ती वाट बंद पडली.

आजचं ‘व्हॅन लाइफ’ त्यानंतरचं. २०११ च्या सुमारास न्यूयॉर्कची नोकरी सोडून व्हॅनमध्ये राहायला गेलेल्या फॉस्टर हंटिंग्टनने हा हॅशटॅग रूढ केला आणि त्याबरोबर एकट्या गाडीचं, समोरच्या रिकाम्या समुद्राचं चित्र जगभर गेलं. पण त्याच सुमाराला, २०१० मध्ये, बॉब वेल्स या गृहस्थाने अॅरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात ‘रबर ट्रॅम्प रॉन्देव्हू’ नावाचा मेळावा भरवला. वेल्स स्वतः १९९५ मध्ये घटस्फोटानंतर, भाडं परवडेना म्हणून व्हॅनमध्ये राहायला गेला होता. पहिल्या वर्षी मोजकी माणसं आली, दहा वर्षांच्या आत हजारो यायला लागली. तिथे शिकवलं काय जातं? गाडीत अंघोळ कशी करायची, सौर पाट्या कशा जोडायच्या, बाईने एकटीने रात्र कुठे आणि कशी काढायची. म्हणजे मेळावा भरतो तो उरलेलं वर्ष एकट्याने राहता यावं म्हणून. शिवाय तिथल्या बहुतेक सरकारी मोकळ्या जमिनीवर एका जागी चौदा दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. त्यामुळे जमलेल्यांना पांगावंच लागतं.

आता खान्देश. आपल्याकडे ‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ असं ज्यांच्याबद्दल सहज म्हटलं जातं, त्यांचा इतिहास या व्हॅनच्या इतिहासाआधी ठेवायला हवा, कारण रस्ता तोच आहे. सुरतेच्या बंदरातून बुऱ्हाणपूरला जाणारा मोगलाईतला मोठा मार्ग नवापूर, नंदुरबार करत तापीच्या खोऱ्यातून जायचा. बुऱ्हाणपूर ही तेव्हा खान्देश सुभ्याची राजधानी. इंग्रज वकील टॉमस रो १६१५ मध्ये याच वाटेने गेला. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये त्याच शतकात इथून अनेकदा फिरला. नवापूरच्या तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो, असं त्याने आवर्जून लिहून ठेवलं आहे. त्याचं बंजाऱ्यांच्या तांड्यांचं वर्णनही प्रसिद्ध आहे: धान्य आणि मीठ लादलेले दहा-बारा हजार बैल एका काफिल्यात, आणि अरुंद वाटेवर समोरून असा तांडा आला तर तो निघून जाईपर्यंत दोन-तीन दिवस थांबून राहायचं.

तांडा एवढा मोठा का? लुटारूंची भीती होती म्हणून. नायकाच्या शब्दावर तांडा हलायचा, रात्री गोण्यांची थप्पी रचून भिंत उभी करायची, आत माणसं आणि गुरं, भोवती कुत्री. पावसाळ्यात काळ्या मातीत बैलाचा पाय रुतायचा, वाहतूक बंद पडायची. मग चारा-पाणी बघून एका जागी तळ पडायचा आणि लग्नकार्यं, भांडणांचे निवाडे तेव्हाच उरकायचे. हे सगळं कोलमडलं ते १८६० च्या दशकात. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे घाट चढून चाळीसगाव, जळगाव, भुसावळपर्यंत आली. तापीकाठची सुरत-अमळनेर लाइन १९०० पर्यंत झाली. बैलावरचा व्यापार संपला आणि तांडे जिथे होते तिथे वस्त्या होऊन बसले. चाळीसगाव-जामनेरकडचे तांडे आज गावं आहेत. त्यातली पुष्कळ कुटुंबं अजूनही दिवाळीनंतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, कोंबड्या आणि लेकरं घालून ऊसतोडीला जातात आणि सहा महिने पाचटाच्या कोपीत राहतात.

पांगायची रीत बघायची तर ठेलाऱ्यांकडे बघावं. धुळे-नंदुरबारकडचा हा मेंढपाळ समाज पावसाळाभर आपापल्या गावांजवळ असतो आणि रानं मोकळी झाली की वाडे बाहेर पडतात. वाडा म्हणजे दोन-चार कुटुंबं, त्यांच्या मेंढ्या, ओझ्याची जनावरं, कुत्री. सगळे वाडे एकत्र निघाले तर कुणालाच चारा पुरणार नाही, म्हणून प्रत्येकाची वाट वेगळी. कपाशीच्या किंवा कांद्याच्या मोकळ्या रानात संध्याकाळी वाडा उतरतो तेव्हा बायका आधी पोचलेल्या असतात. उलटी बांधलेली खाट ओझ्यावरून खाली येते. तिच्या पायांमध्ये आदल्या रात्री जन्मलेलं कोकरू, एखादी कोंबडी आणि झोपलेलं पोर असा सगळा जामानिमा असतो. तीन दगडांची चूल मांडली जाते आणि अंधार पडायच्या आत खुंट्या ठोकून जाळीची वाघर ताणली जाते. मेंढ्या तिच्या आत. रात्रभर मेंढ्या बसवल्या की रानाला लेंडीखत मिळतं, त्याबदल्यात शेतकरी दाणे किंवा पैसे देतो. वाडा दिसायला एकटा, पण कुठल्या गावात कुणाच्या रानात कधी उतरायचं हे बापजाद्यांपासून ठरलेलं असतं. एकट्या व्हॅनवाल्याने शिकावं असं काही खान्देशात असेल तर ते हे: गावाशी नातं असेल तरच रानात एकटं राहता येतं.

साधुबैराग्यांचंही तेच. नर्मदेची परिक्रमा करणारा ‘एकटा जीव सदाशिव’ म्हणून चालतो, पण नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तरेला, शूलपाणीच्या झाडीकडच्या भागात, त्याची रात्र धडगाव तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर कुणीतरी घातलेल्या भाकरीवर निघते. चातुर्मासात त्यालाही एका जागी थांबावं लागतं.

खऱ्या अर्थाने एकट्याचा, शांत, निसर्ग बघण्यासाठीचा मुक्काम खान्देशात आणला तो इंग्रज अधिकाऱ्यांनी. १८१८ नंतर कलेक्टर, जंगल अधिकारी हिवाळाभर जिल्ह्यात फिरतीवर असत. तंबूंचे दोन संच असायचे. एकात साहेब झोपलेला असताना दुसरा बैलगाड्यांवरून पुढच्या गावी रवाना झालेला असायचा. धरणगावला १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स आउट्राम या इंग्रज अधिकाऱ्याच्या सातपुड्यातल्या शिकारींच्या गोष्टी आजही सांगतात; कन्नडच्या घाटाला त्याचं नाव राहिलं. त्या तंबूभोवतीची शांतता वेठीवर उभी होती. सरपण, दूध, कोंबड्या, ओझ्याचे बैल गावाने पुरवायचे. त्याच खान्देशात, १९२९ मध्ये, सरकारी समितीचे सदस्य म्हणून धुळ्याला आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर परतीच्या वाटेवर चाळीसगावला उतरले, तेव्हा त्यांना महारवाड्यात न्यायला टांगेवाले तयार झाले नाहीत. टांगा मिळाला पण हाकणारा नवखा निघाला. पुलावर टांगा उलटून बाबासाहेबांचा पाय मोडला. रस्त्याची मोकळीक इथे कुणाला होती आणि कुणाला नव्हती, हे या पार्श्वभूमीत सांगितलंच पाहिजे.

कारण भटक्यांवर तर कायद्यानेच शिक्का मारला होता. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा पुढे देशभर लागू झाला. हजेरी, परवाना, पोलीस पाटलाकडे नोंद. तो १९५२ मध्ये रद्द झाला, संशय मात्र रद्द झाला नाही. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, आठवडे बाजाराच्या दिवशी, मंगळवेढ्याकडून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाच्या पाच जणांना ‘पोरं पळवणारी टोळी’ या मोबाइलवरच्या अफवेवरून जमावाने ठार मारलं. पिंपळनेरला त्यांची पालं होती. भिक्षेसाठी ते वेगळे होऊन बाजारात आले होते. एकट्याने फिरणं धोक्याचं आहे का, या वादात हा प्रसंग क्वचितच कुणी काढतो. मला वाटतं, खान्देशात तरी तो पहिल्यांदा काढावा. मोठ्या गाडीतून आलेल्या अनोळखी माणसाला आपण ‘कुठून आलात?’ विचारून पाणी देतो, आणि पालातून आलेल्याला तोच प्रश्न विचारताना आवाज बदलतो.

जमायच्या रीती मात्र इथे दांडग्या आहेत. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमाराला एकमुखी दत्ताची यात्रा आणि घोड्यांचा बाजार भरतो. लांबच्या प्रांतांतले घोडेवाले जनावरांसह नदीकाठी तळ देतात, घोड्याशेजारीच झोपतात. अलीकडे चेतक फेस्टिव्हलच्या नावाने तिथे पर्यटकांचेही तंबू लागतात. दिवाळीत अस्तंब्याच्या यात्रेला तळोदा-नंदुरबारकडची तरुण पोरं जथ्याने, १३०० मीटरहून उंच शिखरावर अश्वत्थाम्याच्या दर्शनाला चढतात. वाटेतल्या मुक्कामांवर रात्री काढतात. होळीला काठी गावच्या राजवाडी होळीसाठी पाड्यापाड्यांवरून लोक चालत येतात, रात्रभर नाचतात आणि उजाडता परततात. आणि हिवाळ्यातली भरीत पार्टी तर घराघरातली. कपाशीच्या काड्यांवर हिरवी वांगी भाजायची, लाकडी मुसळीने ठेचायची, कांद्याची पात, लसूण, मिरची आणि तेल, सोबत कळण्याची भाकरी किंवा पुऱ्या. शेतात जमायचं, शेतातच जेवायचं. बाहेरून आलेल्या ताफ्यांना इथे शेकोटीभोवती बसायचं नवं काही शिकवायची गरज नाही. त्यांनी येऊन पंक्तीला बसावं.

सरकारी बाजूने पाहायचं तर महाराष्ट्राने कॅराव्हॅन, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाड्यांच्या, पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये आणलं. त्यात गाड्या उभ्या करण्यासाठी कॅराव्हॅन पार्कची कल्पना आहे: पाणी, वीज, स्वच्छतागृह असलेली नेमून दिलेली जागा. त्यामुळे ताफ्यांना चौकट मिळाली. एकट्या गाडीचं काम अजूनही तोंडी परवानगीवर चालतं. यावल आणि अनेर ही अभयारण्यं आहेत, तिथे वनखात्याच्या मान्यतेशिवाय रात्र काढता येत नाही. साध्या गाडीत पलंग-शेगडी कायमची बसवायची तर आरटीओची मंजुरी लागते, म्हणून अनेक जण सुटं सामानच वापरतात. गावच्या शिवारात थांबायचं तर सरपंचाला किंवा रानाच्या मालकाला दिवसाउजेडी भेटणं हाच रिवाज.

ठेलाऱ्यांच्या वाड्यांसाठी असं कुठलंही धोरण नाही. राखीव कुरणांची त्यांची मागणी जुनी आहे. वनखात्याशी आणि काही गावांशी चराईवरून खटके दरवर्षी उडतात. व्हॅनसाठी मुक्कामाच्या जागा आखायला घेतल्याच आहेत, तर त्याच नकाशावर वाड्यांच्या वाटा, पाणवठे आणि उतरण्याच्या जागाही दाखवाव्यात. त्या जागा कुठल्या आहेत हे साक्रीपासून जळगावपर्यंतच्या शेतकऱ्यांना तोंडपाठ आहे.