साल कोणतं आणि वॉरंटी कोणाची: अमेरिकेतल्या डिझेल पिकअपची पार्श्वभूमी

अमेरिकेत जुना डिझेल पिकअप विकायला निघाला की घेणारा आधी साल विचारतो, आणि लगेच 'पहिलं अर्धं की दुसरं' तेही विचारतो. या गाड्यांची इंजिनं वर्षाच्या मधोमध बदलत आली आहेत. फोर्डचं ७.३ लिटरचं पॉवर स्ट्रोक १९९४च्या मध्यात आलं. डॉजमधलं कमिन्स कंपनीचं १२ व्हॉल्व्हचं इंजिन २४ व्हॉल्व्हचं झालं ते १९९८च्या मध्यात, आणि ५.९ लिटरचं ६.७ लिटर झालं ते २००७च्या मध्यात. बोनेट तेच, आतलं यंत्र वेगळं, आणि त्याचं दुखणंही वेगळं.

गाड्या म्हणजे फोर्डची एफ-२५० आणि एफ-३५०, रॅमची (आधी डॉजचीच) २५०० आणि ३५००, जनरल मोटर्सची शेवरले सिल्व्हराडो आणि तिची जुळी बहीण जीएमसी सिएरा. अजून त्यांना पाऊण टनी आणि एक टनी म्हणतात, पण ते जुन्या काळच्या वजनाचं नाव उरलंय. घोड्यांचे ट्रेलर, गवताचे गठ्ठे, बॅकहो, आणि ज्यांत माणसं महिनोन्‌महिने राहतात ते मोठे घर-ट्रेलर, हे सगळं या गाड्या ओढतात. गाडी डीलरकडे अडकली की अशा कुटुंबाचं घरही तिथेच अडकतं. म्हणून इथे इंजिनाच्या टिकाऊपणाइतकीच डीलरच्या सर्व्हिसची चर्चा होते.

सुरुवात वाईट झाली. जनरल मोटर्सने १९७८ साली मोटारींसाठी ५.७ लिटरचं ओल्ड्समोबाइल डिझेल काढलं. हेड (सिलिंडरांवरचं झाकण) धरून ठेवणाऱ्या बोल्टांची मांडणी मात्र पेट्रोल इंजिनाचीच, एका हेडला १०. डिझेलचा दाब त्याहून कितीतरी जास्त, त्यात इंधनातलं पाणी वेगळं काढायला काहीच सोय नाही. गॅस्केटं गेली, पंप गंजले, १९८५ साली ते इंजिन बंद झालं आणि अमेरिकी मोटारींत डिझेलचं नावच बुडालं. पिकअप त्यातून वाचले. जीएमचं ६.२ लिटर १९८२ साली आलं. १९८३च्या मॉडेलात फोर्डने इंटरनॅशनल हार्वेस्टरकडून ६.९ लिटरचं इंजिन घेतलं, १७० अश्वशक्तीचं, टर्बो नसलेलं. धिम्या चालीची पण सरळ इंजिनं. दुरुस्ती कुठल्याही ट्रॅक्टरवाल्याला जमायची.

खरा फरक १९८९ साली पडला. डॉजने कमिन्सचं बी मालिकेचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडरी इंजिन पिकअपमध्ये बसवलं: १६० अश्वशक्ती, ४०० पौंड-फूट टॉर्क. हे मुळात शेतीची आणि बांधकामाची यंत्रं चालवायला केलेलं इंजिन, जवळपास अर्ध्या टनाचं. आपल्याकडे याच कुळाची ५.९ लिटरची इंजिनं जमशेदपूरच्या टाटा कमिन्सने बनवली आणि टाटाच्या ट्रकांत ती वर्षानुवर्षं घाट चढली, त्यामुळे मराठी ड्रायव्हर-मेकॅनिकांना हा आवाज ओळखीचा आहे. अमेरिकेत तेच इंजिन पिकअपच्या चासीत आलं, आणि गिअरबॉक्सचा जीव त्यापुढे लहान ठरला. इंजिन पाच लाख किलोमीटर चालायचं, तोवर ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दोनदा उघडून व्हायचा.

त्या १२ व्हॉल्व्ह कमिन्सचाही एक दोष जगजाहीर आहे. टायमिंग गिअरच्या घराची जागा नेमकी धरणारी पोलादी खुंटी थरथरीने हळूहळू बाहेर सरकते आणि गिअरांत पडते. मग पुढचं कव्हर फुटतं, कधी कॅमही जातो. उपाय स्वस्त आहे: पंखा, क्रँकचा डँपर आणि पुढचं कव्हर काढायचं, खुंटी आत ठोकायची आणि शेजारच्या बोल्टखाली पत्र्याची जीभ बसवून तिचं तोंड अडवायचं. दिवसभराचं काम. पुढच्या २४ व्हॉल्व्हच्या इंजिनात व्हीपी४४ हा इंधनाचा फिरता पंप आला. तो डिझेलवरच थंड राहतो आणि त्यावरच वंगण घेतो. टाकीतून त्याला डिझेल पुरवणारा, ब्लॉकवरचा छोटा लिफ्ट पंप कमजोर झाला की दाब १० पीएसआयच्या खाली जातो आणि महागडा व्हीपी४४ उपाशी मरतो. केबिनमध्ये इंधनदाबाचा काटा बसवायची या गाड्यांतली रीत तिथूनच पडली.

फोर्डचं ७.३ पॉवर स्ट्रोक आजही भरवशाचं मानलं जातं. त्यात इंजेक्टर दाबायचं काम इंजिन ऑइल करतं: वेगळा पंप ऑइलचा दाब ३,००० पीएसआयपर्यंत नेतो. दोष म्हणजे कॅमशाफ्ट पोझिशन सेन्सर. तो गेला की चालती गाडी रस्त्यातच बंद. त्यामुळे जाणते मालक डॅशबोर्डच्या खणात एक नवा सेन्सर आणि १० मिमीचा पाना ठेवायचे. बोल्ट एकच, रस्त्याकडेला दहा मिनिटांत बदलून होतो. कंपनीने या सेन्सरसाठी रीकॉल काढला तो २००७ साली, म्हणजे ते इंजिन बंद होऊन चार वर्षं झाल्यावर.

जीएमने इसुझूबरोबर ओहायोतल्या मोरेनला ड्युरामॅक्स डिझेल इंजिनांचा कारखाना काढला. २००१च्या मॉडेलात आलेल्या पहिल्या ६.६ लिटर एलबी७ बरोबर अ‍ॅलिसनचा गिअरबॉक्स होता, आणि ओढायच्या कामात तो सरस होता. इंजेक्टर मात्र व्हॉल्व्ह कव्हरच्या आत होते. एकाचं शरीर तडकलं की डिझेल सरळ ऑइलमध्ये उतरतं, डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते. बदलायला दोन्ही कव्हरं उघडावी लागतात. जीएमने शेवटी इंजेक्टरांपुरती वॉरंटी ७ वर्षं किंवा २ लाख मैलांवर नेली आणि पुढच्या इंजिनात इंजेक्टर कव्हरबाहेर आणले. चूक कबूल करून खर्च आपल्या अंगावर घेण्याचं, या सगळ्या कहाणीतलं त्यातल्या त्यात बरं उदाहरण.

आणि मग फोर्डचं ६.० लिटर, २००३ ते २००७. इंजिन नेव्हिस्टारचं (जुनं नाव इंटरनॅशनल हार्वेस्टर). धुराच्या नव्या नियमांसाठी त्यात ईजीआर आला: एक्झॉस्टचा थोडा वायू कूलंटवर थंड करून पुन्हा इंजिनात सोडायचा. हेड बोल्टही घटले. ७.३ मध्ये एका हेडला १८ होते, इथे १०. प्रत्येक सिलिंडरभोवती फक्त चार.

बिघाडाची साखळी अशी. दोन सिलिंडर-रांगांच्या मधल्या घळीत, बऱ्याच सामानाखाली, ऑइल कूलर बसवलेला आहे. त्यातल्या कूलंटच्या वाटा अगदी अरुंद. ओतकामाची उरलेली वाळू आणि कूलंटमधून साकळणारं सिलिकेट तिथे अडकतं. ईजीआर कूलरला कूलंट याच वाटेने येतो. वाट तुंबली की ईजीआर कूलरमध्ये कूलंट उकळतो, नळ्या फुटतात, पाणी सिलिंडरमध्ये जातं. वर ट्रेलरचं ओझं आणि टर्बोचा दाब असला की हेड उचलतं आणि गॅस्केट जातं.

ही साखळी वेळेवर ओळखता येते. पूर्ण गरम झालेली गाडी सपाट हायवेवर ताशी ६५ मैलांनी वीसेक मिनिटं चालवायची आणि स्कॅनरवर ऑइल आणि कूलंट या दोन्हींचं तापमान वाचायचं. ऑइल १५ अंश फॅरनहाइटपेक्षा जास्त गरम असेल तर कूलर तुंबलाय. पण वॉरंटीत डीलरला बिघडलेल्याच भागाचे पैसे मिळतात. फुटलेला दिसतो तो ईजीआर कूलर, म्हणून कित्येक ठिकाणी तेवढाच बदलला गेला. मूळ तुंबलेला ऑइल कूलर तसाच, त्यामुळे नवा ईजीआर कूलरही काही महिन्यांत फुटे. मालक म्हणायचा डीलर अडाणी आहे, डीलर म्हणायचा मालक गाडी फार राबवतो. दोघांच्या मागे वॉरंटीचा कागद होता.

त्याच इंजिनात इंजेक्टरांना ४८ व्होल्ट पुरवणारा एक डबा आहे. तो ४५च्या खाली गेला की गाडी थंडीत अडखळत सुरू होते आणि इंजेक्टरही खराब होतात. गाडीत दोन बॅटऱ्या असतात. एक अशक्त झाली तरी स्टार्टर फिरतो, म्हणून कोणाचं लक्ष जात नाही, आणि मार त्या डब्याला बसतो. दोन्ही एकदम बदलायच्या. ऑइल साधारण १४ लिटर लागतं आणि इंजेक्टर त्यावरच चालतात, त्यामुळे ८ हजार किलोमीटरला ते बदललंच पाहिजे. ते लांबवलं की इंजेक्टरचे आतले स्पूल चिकटतात.

हेडचं काम म्हटलं की बरेच मेकॅनिक केबिनच चासीवरून उचलतात. स्टिअरिंगचा दांडा, ब्रेकच्या नळ्या, एसीचा गॅस, वायरिंगचे मोठे जोड सोडवले, केबिनचे बोल्ट काढले की दोन खांबी लिफ्टवर केबिन वर आणि इंजिन उघडं समोर. भीतिदायक दिसतं, पण फायरवॉलखाली हात घालून धडपडण्यापेक्षा काम स्वच्छ होतं. फक्त एक लिफ्ट दिवसेंदिवस अडते. डीलरकडचा मेकॅनिक 'फ्लॅट रेट'वर असतो: कामाला पुस्तकात जितके तास लिहिलेत तितक्याचीच मजुरी, लागोत किती का. वॉरंटीच्या कामाचे तास कंपनी ठरवते आणि ते गिऱ्हाइकाच्या पैशाने होणाऱ्या कामापेक्षा कमी असतात. गंजलेला बोल्ट तुटला तर तो काढायचा वेळ मेकॅनिकच्या पदरचा. ज्याच्याकडे डिझेलचं प्रशिक्षण आहे असा माणूस लहान गावच्या डीलरकडे एकच असतो. त्याने वॉरंटीचं ६.० लिटर पुढे ढकललं आणि आधी दुसऱ्याच्या ब्रेकचं काम घेतलं, यात नवल नाही.

वॉरंटीचा भार शेवटी दोन कंपन्यांत फुटला. २००७च्या सुरुवातीला फोर्ड नेव्हिस्टारविरुद्ध कोर्टात गेली. वाद वॉरंटीच्या खर्चाचा आणि इंजिनाच्या किमतीचा. नेव्हिस्टारने नव्या ६.४ लिटर इंजिनांचा पुरवठा थांबवला, कोर्टाने तो पुन्हा सुरू करायला लावला. जानेवारी २००९ मध्ये तडजोड झाली, आणि २०११च्या मॉडेलापासून फोर्डने स्वतःचं ६.७ लिटरचं इंजिन बसवलं. मधलं ६.४ लिटर तीनच वर्षं टिकलं. त्यात धुराचा फिल्टर जाळून साफ करायला एक्झॉस्टच्या वेळी सिलिंडरमध्येच डिझेल मारायचे, ते भिंतीवरून ओघळून ऑइल पातळ करायचं.

तो फिल्टर म्हणजे डीपीएफ. अत्यंत कमी गंधकाचं डिझेल (दहा लाखांत १५ भाग) २००६ पासून मिळू लागलं आणि २००७च्या नियमांनी डीपीएफ आला. २०१०च्या नियमांनी डीईएफ आलं, म्हणजे एक्झॉस्टमध्ये फवारायचं ३२.५ टक्के युरियाचं पाणी. फिल्टरमधली काजळी जळायला ६०० अंश सेल्सियसच्या आसपास तापमान लागतं. यात एक गंमत आहे: जड ट्रेलर ओढणाऱ्या गाडीचा एक्झॉस्ट आपोआप तापतो आणि फिल्टर साफ राहतो, रोज पाच किलोमीटरवर दूध आणायला जाणाऱ्या मालकाचाच फिल्टर तुंबतो.

ओढण्याच्या आकड्यांचंही तसंच. बरीच वर्षं प्रत्येक कंपनी आपलाच आकडा आपल्याच पद्धतीने काढायची. वाहन अभियंत्यांच्या एसएई या संस्थेच्या जे२८०७ या मानकाने सगळ्यांना एक परीक्षा दिली: अ‍ॅरिझोनातल्या बुलहेड सिटीजवळची डेव्हिस डॅमची चढण, ११.४ मैल, १०० अंश फॅरनहाइट उष्मा, एसी पूर्ण चालू, आणि वेग ताशी ४० मैलांखाली जाता कामा नये (मागे चार चाकं असतील तर ३५). आता सर्वांत वरच्या एफ-४५०चा आकडा ४० हजार पौंड, म्हणजे १८ टन आहे. इंजिन तो खेचेल यात शंका नाही. पण मागच्या अ‍ॅक्सलवर आणि टायरवर किती वजन येतंय ते दारावरच्या स्टिकरशी ताडून पाहणारे मालक कमीच.

गेल्या दशकातला मोठा वाद सीपी४ पंपाचा. बॉशचा हा उच्चदाबाचा पंप २०११ पासून फोर्डच्या ६.७ आणि जीएमच्या एलएमएल ड्युरामॅक्समध्ये आला. त्यात दोन पिस्टनं कॅमवर रोलरने चालतात आणि वंगण फक्त डिझेलचं. अमेरिकी मानकात डिझेलच्या घर्षणचाचणीतला ओरखडा ५२० मायक्रॉनपर्यंत चालतो, युरोपात ४६०पर्यंतच. रोलर जरा आडवा फिरला की तो कॅम किसत सुटतो. धातूची भुकटी रेलमध्ये (इंजेक्टरांना डिझेल वाटणाऱ्या नळीत), इंजेक्टरांत आणि परतीच्या नळीने टाकीपर्यंत जाते. मग पंप, दोन्ही रेल, आठही इंजेक्टर, नळ्या, टाकी, सगळंच बदलावं लागतं, आणि बिल दहा हजार डॉलरांच्या पुढे. एलएमएलला तर टाकीतून डिझेल ढकलणारा लिफ्ट पंपही कंपनीने दिला नव्हता.

डीलरकडचं भांडण इथेच पेटतं. पंप वॉरंटीत असतो, पण डीलर फिल्टरमधून नमुना काढतो, त्यात पाणी सापडलं की 'इंधन खराब' म्हणून दावा नाकारला जातो. तेव्हा उपयोगी पडतं ते हे: डिझेल भरल्याच्या पावत्या जपलेल्या असाव्यात, फिल्टर कितव्या मैलाला बदलले त्याची नोंद असावी (बहुतेक पुस्तिकांत २४ ते ३६ हजार किलोमीटर), फिल्टरमधलं पाणी काढायचा नळ महिन्याला उघडलेला असावा, आणि नमुना आपल्यासमोर दोन बाटल्यांत काढून एक बाटली आपल्याकडे घ्यावी. १९७५च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार केवळ बाहेरचा सुटा भाग वापरला म्हणून वॉरंटी नाकारता येत नाही. त्या भागानेच बिघाड झाला हे दाखवावं लागतं. धूर कमी करणारी यंत्रणा काढून टाकलेल्या गाडीला मात्र ही ढाल उपयोगी पडत नाही. ते कृत्यच बेकायदा आहे आणि इंजिनाचा संगणक बदललेलं प्रोग्रॅमिंग लगेच सांगतो.

रॅमने इतकी वर्षं सीपी३ हा तीन पिस्टनांचा जुना पंप ठेवला होता. २०१९ मध्ये कमिन्सच्या ६.७ वरही सीपी४ आला, तक्रारी वाढल्या, आणि २०२१च्या मॉडेलात सीपी३ परत बसला. त्याच वर्षअखेरीस २०१९ आणि २०२०च्या सुमारे २ लाख २२ हजार गाड्यांचा रीकॉल निघाला: सीपी४ काढून सीपी३ बसवायचा, आणि ज्यांनी आधीच स्वतःच्या खिशातून दुरुस्ती केली त्यांनी बिल जोडून पैसे मागायचे. ज्यांनी बिल ठेवलं होतं, त्यांना ते मागता आले.