घाट उतरलं की ऊन पाणी

दिवाळीनंतर आमच्या सोसायटीत कोणीतरी मनालीहून येतंच, आणि मग वशिष्ठच्या गरम पाण्याच्या कुंडाचे फोटो, मागे बर्फ, मधे वाफा, आपण आपलं अरे वा अरे वा करत बसायचं. आणि त्याच माणसाला पालीचं उन्हेरे विचारा, तो म्हणणार ते काय असतं? अष्टविनायक तीनदा करून झालेले असतात बरं का! बल्लाळेश्वराच्या देवळापासून उन्हेरे जेमतेम तीन किलोमीटर, गाडीतून उतरलं की पाच मिनिटांत पाय पाण्यात.

खरंतर नावातच सगळं आहे. पालीजवळ उन्हेरे, दापोली तालुक्यात उन्हवरे, राजापूरला उन्हाळे, तिकडे जळगावात चोपड्याजवळ उनपदेव, नांदेडात किनवटकडे उनकेश्वर. संस्कृत उष्ण, त्याचं प्राकृतात उण्ह, आणि आपल्याकडे ऊन. आजी म्हणायची ना, ऊन ऊन भात खा, तेच हे ऊन. म्हणजे देऊळ कधी झालं, कुंड कोणी बांधलं हे सगळं नंतरचं, गावाला नाव पाण्यानेच दिलंय.

आता ही कुंडं आहेत कुठे बघा. ठाणे जिल्ह्यात तानसा नदीकाठी वज्रेश्वरी, अकलोली, पलीकडे गणेशपुरी, मग खाली पालीचं उन्हेरे, महाडजवळ सव, दापोलीचं उन्हवरे, खेड, संगमेश्वर तालुक्यात आरवली, तुरळ, राजवाडी आणि शेवटी राजापूरचं उन्हाळे. नकाशावर टिंबं जोडली तर सह्याद्रीला समांतर अशी तीनशेच्या वर किलोमीटरची लाइन होते, एका बाजूला घाट, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि ही मधल्या पट्ट्यात. कोकणातला उत्तर-दक्षिण रस्ताही याच पट्ट्यातून जातो, त्यामुळे आरवली, तुरळ ही तर मुंबई-गोवा हायवेला लागूनच आहेत आणि कोकण रेल्वेचं आरवली रोड स्टेशनसुद्धा आहे. आपल्या पुण्याच्या बाजूला घाटमाथ्यावर मात्र असं एकही कुंड नाही, त्यामुळे पुणेकराला यासाठी कुठलातरी घाट उतरावाच लागतो, पालीला खोपोलीवरून, सवला ताम्हिणी नाहीतर वरंध.

पाणी गरम का, यावर कुंडाच्या काठावर हमखास कोणीतरी सांगतं की खाली ज्वालामुखी आहे. नाहीये. आपला काळा दगड, बसाल्ट, ज्वालामुखीतूनच आला हे खरं, पण त्याला साडेसहा कोटी वर्षं होऊन गेली, तो कधीच थंड झालाय. होतं असं की पावसाचं पाणी खडकातल्या भेगांमधून खोल जातं, आणि जमिनीत दर किलोमीटरला साधारण 25 ते 30 अंशांनी तापमान वाढत जातं, तिथे ते तापतं आणि मोठी भेग सापडली की तिच्यातून वर येतं. वर येताना किती वेळ लागला, वाटेत गार पाणी किती मिसळलं, त्यावर कुंडाचा पारा ठरतो. उन्हवरेचं पाणी 70 अंशांच्या आसपास, म्हणजे थेट झऱ्यात हात घातला तर भाजणारच, आणि राजापूरचं उन्हाळे 40 च्या आसपास, आपल्या घरच्या अंघोळीचं पाणी समजा.

पुण्याचा या पाण्याशी संबंध जुना आहे, आणि तो वीकेंडचा नाही, लढाईचा. 1739 साली चिमाजी अप्पा वसईचा किल्ला घ्यायला गेले. तेव्हा त्यांनी वज्रेश्वरीला नवस बोलला की किल्ला मिळाला तर देऊळ बांधीन. मे महिन्यात वसई पडली आणि नवसाचं देऊळ उभं राहिलं, आजही ते बाहेरून बघितलं तर देवळापेक्षा गढी वाटतं. देवीने राक्षस मारले त्यांचं रक्त म्हणजे हे गरम पाणी, अशी गोष्ट तिथे सांगतात. पावसाळ्यात तानसेला पूर आला की नदीपात्रातली कुंडं बुडून जातात, त्यामुळे जायचं तर दिवाळीनंतर.

मग इंग्रज आले आणि त्यांनी सवयीप्रमाणे सगळं मोजून लिहून ठेवलं. 1880 च्या रत्नागिरी गॅझेटिअरमध्ये या झऱ्यांची ओळ नोंदवलेली आहे, लोक अंगदुखी आणि त्वचेच्या आजारांसाठी इथे येतात तेही तेव्हाचंच. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे पहिले प्रमुख थॉमस ओल्डहॅम, त्यांनी देशभरातल्या गरम झऱ्यांची यादी केली होती, पण 1878 ला ते वारले आणि यादी 1882 साली त्यांच्या मुलाने, रिचर्डने, छापून आणली. हाच रिचर्ड पुढे 1906 मध्ये भूकंपाच्या लहरींवरून पृथ्वीला गाभा आहे हे दाखवणारा. बापाची अर्धवट वही पूर्ण करता करता पोरगा किती खोल गेला बघा!

1973 ला तेलाचे भाव भडकले तेव्हा सरकारला या पाण्याची परत आठवण झाली, यातून वीज होईल का म्हणून. लडाखच्या पुगा खोऱ्यातल्या गरम झऱ्यांवर काम सुरू झालं, कोकणातही बोअर मारून बघितलं. कोकणच्या पाण्यावर वीज काही झाली नाही, कुंडं अंघोळीचीच राहिली. तोपर्यंत गणेशपुरीचं रूप पार बदललं होतं, भगवान नित्यानंद नावाचे साधू तिथे राहिले, 1961 च्या ऑगस्टमध्ये त्यांनी देह ठेवला, आणि परदेशातून माणसं त्या एवढ्याशा गावात यायला लागली.

उन्हेरेला मी लहानपणी आत्याबरोबर पहिल्यांदा गेले, एसटीने. बायकांचं कुंड वेगळं, चार भिंतींच्या आत, पायऱ्या इतक्या शेवाळलेल्या की बसूनच उतरायचं. पहिलं पाऊल टाकलं की ओरडायला होतं, मग घोटा, मग गुडघा, कमरेपर्यंत गेलात की पाणी एकदम सोसायला लागतं. तिथली एक म्हातारी बाई पायरीवर बसून सगळ्यांवर लक्ष ठेवायची, दहा मिनिटं झाली की, "चला वर, भोवळ येईल, मग मला उचलायला लावाल." आणि ते खरंच होतं, बाहेर आल्यावर माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती. आत्याने मला सावलीत बसवून लिंबू सरबत पाजलं आणि स्वतः परत आत गेली, कारण तिचे गुडघे दहा मिनिटांत ऐकणारे नव्हते. निघताना ती दुधाची किटली भरून ते पाणी घ्यायची. स्वारगेटला पोचेपर्यंत गार ढोण व्हायचं, तरी रात्री फडकं बुडवून गुडघ्याला लावायचीच, आणि आधी गॅसवर गरम करून घ्यायची.