किती आतडं उरलंय, ते विचारून ठेवा

क्रोन्सच्या (आतड्याला वारंवार सूज आणि जखमा होणारा दीर्घकाळचा आजार) पेशंटचं ऑपरेशन झालं की बाहेर बसलेले सगळे नातेवाईक सर्जनना एकच विचारतात, किती काढलं हो? मग दीड फूट, दोन फूट असा आकडा घरभर फिरतो. पण पुढे आयुष्यभर कामाला येणारा आकडा दुसरा असतो, आत किती उरलं तो. लहान आतडं कुणाचं जेमतेम ३ मीटर असतं तर कुणाचं ८ मीटरपर्यंत, त्यामुळे दोन फूट काढलं यावरून मागे काय राहिलं ते कळतच नाही.

हे एवढं का सांगतेय, तर किडनी फेल होते हे सगळ्यांना माहीत असतं, आतडंही फेल होतं हे फार कमी जणांना माहीत असतं. इंटेस्टाइनल फेल्युअर म्हणजे आतड्याची शोषायची ताकद इतकी कमी होणं की तोंडाने कितीही खाल्लं-प्यायलं तरी शरीराला पुरत नाही आणि शिरेतून पाणी, क्षार किंवा अन्न द्यावंच लागतं. क्रोन्सच्या बहुतेक पेशंटवर ही वेळ येत नाही. ज्यांच्यावर येते त्यांची बऱ्याचदा एकापाठोपाठ एक ऑपरेशनं झालेली असतात, कधी आतडं आखडतं, कधी फिस्टुला होतो (म्हणजे आतड्यातून दुसऱ्या अवयवात किंवा त्वचेपर्यंत नको ती वाट पडते), कधी टाका लीक होऊन पोटात पू होतो, आणि प्रत्येक वेळी थोडं थोडं जातं.

म्हणून वाचवता येईल तेवढं आतडं वाचवायचं. यातली एक मोठी युक्ती आपल्याकडची आहे याचा मला खरंच अभिमान वाटतो. आतड्याच्या टीबीत पण असंच आखडतं (आपल्याकडे टीबी आणि क्रोन्समध्ये गल्लत होते ती यामुळेही), तर डॉ. कटारिया आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये असं दाखवलं की आखडलेला भाग कापून टाकायची गरज नाही, तिथे लांबीत चीर द्यायची आणि ती आडवी शिवायची, की वाट रुंद होते आणि आतडं आतच राहतं. पुढे ऑक्सफर्डच्या सर्जननी १९८२ मध्ये हीच पद्धत क्रोन्ससाठी वापरली.

माझी आतेबहीण कोथरूडला राहते. तिसऱ्या ऑपरेशननंतर तिचं १२० सेंटीमीटर उरलं आणि पोटावर बॅग आली (आतड्याचं तोंड पोटावर काढतात आणि आतून येणारं सगळं त्या पिशवीत जमतं), मोठं आतडं तेव्हा जोडलेलं नव्हतं. भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळी घेऊन यायचा आणि भरपूर पाणी पी गं म्हणायचा. बॅग मापाच्या जगमध्ये रिकामी करून आत्या रोजचा आकडा कालनिर्णयच्या चौकटीत लिहायची, आणि ताई जितकं पाणी प्यायची तितका आकडा वाढत जायचा, जीभ मात्र कोरडीच, पायात गोळे येणं चालूच.

कारण असं की आतड्याचा वरचा भाग गळका असतो. त्यात साधं पाणी गेलं की रक्तातलं मीठ आतड्यात झिरपतं आणि पाण्यासकट बॅगेत जातं. एरवी पुढचं आतडं ते परत ओढून घेतं, इथे पुढचं आतडंच नाही. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम कमी, म्हणून तेही चालत नाही. मीठ आणि ग्लुकोज ठरलेल्या प्रमाणात एकत्र गेलं तरच आतडं दोन्ही आत घेतं आणि मागोमाग पाणी येतं. हेच तत्त्व वापरून डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलराचे पेशंट वाचवले. नेहमीच्या ओआरएसमध्ये लिटरला ७५ मिलिमोल सोडियम असतं, अशा बॅगवाल्या पेशंटना ९० किंवा त्याहून जास्त लागतं, त्यामुळे द्रावण कसं बनवायचं ते डॉक्टरांनाच विचारा. साधं पाणी मोजून, जेवणाआधी लोपेरामाइड (आतड्याची हालचाल मंदावणारी गोळी) आणि दिवसभर ते खारट द्रावण घोट घोट, असं सुरू केल्यावर आत्याचे आकडे उतरायला लागले. पुण्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात तर हे सांभाळायलाच लागतं, नाहीतर किडनीवर येतं. लघवीतलं सोडियम तपासलं की शरीरात मीठ कमी पडतंय का ते बॅगेच्या आकड्यापेक्षा आधी कळतं.

मोठं आतडं जोडलेलं असेल तर बराच फरक पडतो, ते पाणी तर ओढतंच, शिवाय न पचलेल्या पिष्टापासून तिथले जिवाणू थोड्या कॅलरीज मिळवून देतात. मात्र मग ऑक्झलेटचे मुतखडे होऊ शकतात, म्हणून ऑक्झलेट जास्त असलेले अळू, पालक जपून. लहान आतड्याचं शेवटचं टोक गेलं असेल तर बी-१२ ची इंजेक्शनं कायमची.

एवढं करूनही भागलं नाही तर टीपीएन, म्हणजे मोठ्या शिरेतल्या लाइनमधून ग्लुकोज, प्रथिनं, चरबी, सगळंच. घरी रात्रभर लावून दिवसा कामावर जाणारे लोक जगात आहेत, आपल्याकडे मात्र ते अजून फार महाग आणि अवघड पडतं. लाइन असताना थंडी वाजून ताप आला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघू नका, रात्रीच हॉस्पिटल गाठा, लाइनमधलं इन्फेक्शन रक्तात पसरतं. उरलेलं आतडं पुढची एक-दोन वर्षं स्वतःला सुधारत असतं, त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांतली अवस्था कायमची धरू नका. टेड्युग्लुटाइड नावाचं इंजेक्शन या सुधारण्याला जोर देतं, अमेरिकेत त्याला २०१२ मध्ये मान्यता मिळाली. आणि अगदीच मार्ग उरला नाही तर प्रत्यारोपण.

पण आधी डिस्चार्ज समरी हातात आली की बघा, त्यात तीन गोष्टी लिहिल्यात का: किती सेंटीमीटर उरलं, कुठला भाग उरला, मोठं आतडं जोडलेलं आहे का. नसतील तर तिथेच सर्जनना लिहून द्यायला सांगा, पुढचा प्रत्येक डॉक्टर हेच विचारणार आहे.