द्राझेन पेत्रोविच: चाहत्यांच्या आठवणींची पार्श्वभूमी

क्रोएशियाचा बास्केटबॉलपटू द्राझेन पेत्रोविच याला जाऊन तीस वर्षं उलटली, तरी त्याला पाहिलेली माणसं त्याच्याबद्दल घरच्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलतात. या जवळिकीचं मूळ शिबेनिकमध्ये आहे. एड्रियाटिक समुद्राकाठच्या, तेव्हा युगोस्लाव्हियात आणि आज क्रोएशियात असलेल्या या छोट्या शहरात 1964 साली त्याचा जन्म झाला. शाळा भरण्याआधी भल्या सकाळी तो बाल्डेकिनच्या हॉलमध्ये जाऊन एकट्यानं शेकडो शॉट मारायचा. एवढ्याशा गावात असा मुलगा सगळ्यांच्याच ओळखीचा असणार. पुढे स्टार झालेल्या द्राझेनला तिथल्या लोकांनी आधी बॉल घेऊन हॉलकडे निघालेला पाहिलं होतं.

9 एप्रिल 1983 चा सामना तर शिबेनिक कधीच विसरणार नाही. युगोस्लाव्ह लीगची निर्णायक लढत, समोर सारायेव्होचा बोस्ना क्लब, द्राझेनचा गावातला क्लब शिबेंका एका गुणानं मागे आणि वेळ संपलेली. अठरा वर्षांच्या द्राझेननं फाउलबद्दल मिळालेले दोन्ही फ्री थ्रो, म्हणजे एका गुणाचे मोकळे शॉट, बास्केटमध्ये घातले. त्या सामन्यात त्याचे 40 गुण झाले. गावानं रात्रभर जल्लोष केला आणि दुसऱ्या दिवशी महासंघानं पंचांच्या निर्णयावर बोट ठेवून निकालच रद्द केला. पुन्हा खेळायला शिबेंकानं नकार दिला, विजेतेपद बोस्नाला गेलं. माझ्या मते द्राझेनवरच्या प्रेमाला धार आली ती इथे: कप गेला, पण ते दोन फ्री थ्रो गावाकडेच राहिले.

पुढची वर्षं झाग्रेबची. तिथल्या चिबोना क्लबकडून त्यानं 1985 आणि 1986 असे सलग दोन युरोपियन कप जिंकले. 1985 मध्येच ल्युब्ल्यानाच्या ऑलिंपियाविरुद्ध एका सामन्यात 112 गुण केले. समोर ज्युनियर खेळाडू होते हे खरं, पण आकडा तोंडोतोंडी झाला. स्पेनच्या रियल माद्रिदच्या प्रेक्षकांना तेव्हा, प्रतिस्पर्धी म्हणून, तो डोळ्यांसमोर नको असायचा. 1988 मध्ये त्याच क्लबनं त्याला घेतलं आणि पुढच्या वर्षी अथेन्समधल्या कप विनर्स कपच्या अंतिम सामन्यात त्यानं 62 गुण ठोकले.

अमेरिकेत सुरुवात कडू झाली. NBA या तिथल्या व्यावसायिक लीगमधल्या पोर्टलंड संघात क्लाइड ड्रेक्सलरसारखा गार्ड (बाहेरून खेळ रचणारा खेळाडू) असताना याच्या वाट्याला बहुतेक वेळ बेंच आला. जानेवारी 1991 मध्ये तो न्यू जर्सी नेट्स या संघाकडे गेला आणि तिथे अखेर भरपूर खेळायला मिळालं. 1992-93 च्या हंगामात त्याची सरासरी सामन्यामागे 22.3 गुणांची होती. बास्केट झाली की मुठी आवळून ओरडत मागे धावणारा हा युरोपियन नेट्सच्या प्रेक्षकांना फार आवडायचा. त्याआधी 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये, देश युगोस्लाव्हियातून नुकताच स्वतंत्र झालेला आणि युद्धात होरपळत असताना, त्याच्या क्रोएशियानं अमेरिकेच्या NBA स्टार्सच्या ‘ड्रीम टीम’विरुद्ध अंतिम सामना खेळून रौप्यपदक घेतलं.

7 जून 1993 रोजी जर्मनीत इंगोल्श्टाटजवळ मोटार अपघातात तो गेला. वय अवघं 28. झाग्रेबमध्ये मिरोगोयच्या दफनभूमीकडे माणसांचा पूर लोटला. नेट्सनं त्याचा जर्सीवरचा 3 नंबर त्याच वर्षी निवृत्त केला, म्हणजे पुढे कुणालाही द्यायचा नाही असं ठरवलं, तर चिबोनाच्या हॉलला त्याचं नाव मिळालं आणि शेजारी संग्रहालयही झालं. क्रोएशियाचा टेनिसपटू गोरान इवानिसेविच 2001 मध्ये विम्बल्डन जिंकून आपल्या स्प्लिट शहरात परतला, तेव्हा स्वागताच्या गर्दीसमोर तो द्राझेनची नेट्सची जर्सी घालून उभा राहिला.