जहाजाची सहल घ्यावी की मुरगावात उतरून आपलं आपण फिरावं?

मुंबईहून सुटलेलं क्रूझ जहाज गोव्याला थांबतं म्हणजे मुरगावला थांबतं. वास्कोच्या टोकाला, झुआरीच्या मुखाशी असलेलं हे मुळात मालाचं बंदर. पणजी इथून तीसेक किलोमीटर. त्यामुळे उतरायच्या आधीच ठरवावं लागतं की जहाजावर विकली जाणारी सहल घ्यायची, की गेटबाहेर गाडी करून आपलं आपण निघायचं.

वरवर पाहता दोन्ही सारखंच वाटतं. जहाज कंपन्या बहुतेक ठिकाणी स्थानिक टूरवाल्यांकडूनच सहली चालवून घेतात, त्यामुळे बस तीच, गाइड तोच, मंगेशीचं देऊळ नि जुन्या गोव्यातलं बॉम जेझू चर्चही तेच. मग जहाजाला जास्तीचे पैसे कशाला द्यायचे, असं कोणालाही वाटेल. खरा फरक आहे तो उशीर झाला तर कोणी निस्तरायचं, यात. जहाजाच्या सहलीची बस वाटेत अडकली तर जहाजाला ते कळतं. साधारणपणे ते थांबतं, आणि थांबणं शक्यच नसेल तर पुढच्या बंदरापर्यंत पोचवायची सोय कंपनी करते. तुमची टॅक्सी त्याच ठिकाणी अडकली तर जहाज वेळेवर सुटतं, आणि मंगळूर किंवा कोचीपर्यंतचा खर्च तुमचा तुम्ही करायचा. बाहेरच्या एजंटाने ‘शोअर एक्सकर्शन’ म्हणून विकलेलं पॅकेजही याच दुसऱ्या प्रकारात मोडतं, आणि लोकांची गफलत नेमकी इथेच होते. नावावर जाऊ नका, पावती जहाज कंपनीची आहे ना ते बघा. समुद्र खवळल्यामुळे थांबाच रद्द झाला तर जहाजाच्या सहलीचे पैसे सहसा परत मिळतात. बाहेर दिलेल्या ॲडव्हान्सचं काय होईल ते ज्याच्या त्याच्या अटींवर.

तरीसुद्धा मुरगावात मी गाडी करून फिरायच्याच बाजूचा आहे, आणि त्याचं मोठं कारण फोंडा. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कितीतरी घरांचं कुलदैवत फोंडा तालुक्यात आहे. वास्कोहून निघालेली गाडी कुठ्ठाळीकडून जाते. मंगेशाचं मूळ स्थान हेच. पोर्तुगीज काळात, १५६० साली, देव इथून झुआरीपार प्रियोळला, म्हणजे आजच्या मंगेशीला नेला. जवळच्या केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. म्हणजे गावं सोडून देव ज्या दिशेने गेले, त्याच दिशेने आपणही नदी ओलांडतो. पुलावर गाडीतल्या मुलांना एवढं सांगितलं तरी पुढचं दर्शन वेगळं होतं. सहलीच्या बसमध्ये चाळीस माणसं असली की देवळात मोजून वेळ मिळतो. तेवढ्यात फोटो निघतात, पण ओटी भरायची, अभिषेक सांगायचा, दीपमाळेपाशी आईला जरा टेकू द्यायचं, हे होत नाही. घरचे चौघं-पाचजण असतील तर दिवसभराची गाडी बहुधा स्वस्तही पडते. भाडं ठरवताना थांबण्याचे तास आणि परतीचं धरून आहे का, ते मात्र आधी स्पष्ट बोलून घ्यावं.

दूधसागरला जायचं असेल तर माझं मत अगदी उलट. कुळेपर्यंत जायचं, तिथून जंगलातून जीप, जीपसाठी वाट बघणं; यातलं काहीच आपल्या हातात नाही. तिथे जहाजाचीच सहल घ्यावी, नाहीतर बेत सोडून द्यावा.

वेळेचा हिशेब असा करा. समजा, जहाज सकाळी आठला लागलं आणि संध्याकाळी पाचला सुटणार आहे. उतरून गेटबाहेर पडेपर्यंत नऊ वाजतात. चढायची शेवटची वेळ सुटण्याच्या आधी असते. ती चार धरली तर हातात सात तास, आणि त्यातला एक तास रस्त्यासाठी राखीव. उरलेल्या सहा तासांत मंगेशी, म्हार्दोळ आणि जुनं गोवं निवांत होतं. त्यात कळंगुट कोंबू नका.

जहाज धक्क्याला न लागता खोल पाण्यात नांगर टाकतं, तिथे गणित बदलतं. कोकणच्या आगबोटींचा काळ पाहिलेल्यांना हे नवं नाही. आगबोट बाहेर उभी राही आणि पडावातून माणसं किनाऱ्याला येत. आजही अशा थांब्यांवर उतारू छोट्या बोटींतून नेतात, आणि पहिल्या फेऱ्या बहुधा सहलीवाल्यांना मिळतात. आपलं आपण जाणाऱ्याचा तास-दीड तास तिथेच जाऊ शकतो. वारा वाढला तर परतीच्या फेऱ्याही रेंगाळतात. लक्षद्वीपला तर परवान्याशिवाय पाय ठेवता येत नाही, तिथे जहाज ठरवेल तसंच जावं.

स्वतंत्र निघालात तर मूळ ओळखपत्र, जहाजाचं कार्ड आणि जहाजाच्या पोर्ट एजंटचा (बंदरात जहाजाचं काम पाहणाऱ्या माणसाचा) नंबर जवळ ठेवा. नंबर जहाजावरच्या रोजच्या पत्रकात सहसा छापलेला असतो. आणि ड्रायव्हरला परतीची वेळ सांगताना चार नव्हे, तीन सांगा.