उताराची तालीम

कोल्हापुरात रस्त्यावर धावणाऱ्यांच्या वाटा ठरलेल्या आहेत. रोजच्या सरावाला रंकाळ्याभोवतीच्या फेऱ्या किंवा शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातले झाडीतले रस्ते, आणि रविवारी लांबचा पल्ला गाठायचा असेल तर पन्हाळा. शहरापासून वीसेक किलोमीटरवर असलेला हा गड समुद्रसपाटीपासून सुमारे ९७७ मीटर उंच आहे, म्हणजे कोल्हापूरच्या पातळीपेक्षा साधारण ४०० मीटर वर. घाट धावत चढायचा, गडावर झुणका-भाकरी खायची आणि परत येताना वडाप किंवा एसटी पकडायची, असा आमचा अनेक वर्षांचा शिरस्ता होता. चढ अवघड म्हणून तो कसून करायचा आणि उतार सोपा म्हणून सोडून द्यायचा, यात काही चुकते आहे असे आम्हाला वाटत नव्हते. सह्याद्रीतल्या डोंगरवाटांवरच्या माझ्या पहिल्याच शर्यतीत, दोन तृतीयांश अंतर संपल्यावर, ही समजूत मोडली. श्वास नीट चालला होता, छातीत धडधड नव्हती, पण शेवटचा मोठा उतार सुरू होताच मांड्या लटपटू लागल्या आणि प्रत्येक पावलागणिक गुडघा आपले वजन पेलेल की नाही याची खात्री वाटेना. त्यानंतर तीन दिवस मला मांडी घालून जेवायला बसता आले नाही.

दमदार छाती असलेला रस्त्यावरचा धावपटू डोंगरात नेमका उतारावर का कोसळतो, याचे उत्तर स्नायूंच्या कामकाजात आहे. ते समजण्यासाठी सुरुवात मात्र चढापासून करावी लागते.

इटलीचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ आल्बेर्तो मिनेत्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये डोंगरी शर्यतींतल्या दहा कसलेल्या धावपटूंना वेगवेगळ्या चढ-उतारांच्या ट्रेडमिलवर चालवून आणि धावायला लावून त्यांचा ऊर्जाखर्च मोजला. सपाटीवर धावताना शरीराच्या दर किलो वजनामागे दर मीटरला सुमारे ३.४ ज्यूल ऊर्जा लागते. शंभर मीटर पुढे जाताना वीस मीटर वर नेणाऱ्या, म्हणजे २० टक्के चढावर हाच खर्च त्यांच्या समीकरणानुसार ९ ज्यूलच्या आसपास जातो. तेवढ्याच तीव्रतेच्या उतारावर तो सुमारे १.७ ज्यूलपर्यंत खाली येतो आणि धावण्याचा सर्वांत स्वस्त टप्पा इथेच येतो. उतार याहून तीव्र झाला की खर्च पुन्हा वाढू लागतो, कारण आता शरीराला स्वतःला आवरण्यासाठीच ऊर्जा खर्चावी लागते. या तीन आकड्यांतून एक हिशेब सहज निघतो. एक किलोमीटर चढून तेवढेच उतरले तर सरासरी खर्च दर मीटरला ५.४ ज्यूलच्या जवळ येतो, म्हणजे सपाटीच्या दीडपटीहून अधिक. चढाने घेतलेले उतार पुरते परत करत नाही. म्हणून अर्धमॅरेथॉनची स्वतःची वेळ अंतराच्या प्रमाणात वाढवून डोंगरी शर्यतीचा अंदाज बांधणे ही नवख्याची पहिली चूक ठरते. डोंगरी शर्यतींच्या जगात यासाठी एक सोपा ठोकताळा वापरतात: शर्यतीच्या किलोमीटरमध्ये, एकूण चढाईच्या दर शंभर मीटरमागे एक किलोमीटर मिळवायचा. १,२०० मीटर चढाई असलेली २५ किलोमीटरची शर्यत अशा रीतीने ३७ किलोमीटरांची मानावी लागते, आणि त्यातही पायाखालचे दगड-चिखल धरलेले नाहीत.

रस्त्यावरच्या धावपटूला मनाला लागणारी गोष्ट म्हणजे तीव्र चढावर चालणे. रस्त्यावरच्या शर्यतीत चालणे म्हणजे हार, असे आपण मनाशी धरून ठेवलेले असते. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धावपटूंना जवळजवळ ३९ अंशांपर्यंत कललेल्या ट्रेडमिलवर, उंची गाठण्याचा वेग एकच राखून, एकदा चालायला आणि एकदा धावायला लावले. सुमारे १६ अंशांपुढच्या चढांवर चालणे धावण्यापेक्षा कमी खर्चाचे ठरले. डांबरी घाटात एवढा चढ मिळत नाही, पण जोतिबाच्या डोंगराच्या पायवाटेवर तो सहज मिळतो, आणि चैत्रातल्या यात्रेत सासनकाठी घेऊन डोंगर चढणारे भाविक तो लहान, सलग पावलांनीच चढतात. गुडघ्यांवर हात टेकवून, कमरेतून थोडे पुढे झुकून एका लयीत चढणारा धावपटू चार पावले धावून धापा टाकत थांबणाऱ्याच्या पुढे निघून जातो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

उताराचे गणित निराळे आहे. १९५२ मध्ये बर्नार्ड ॲबट, ब्रेंडा बिगलंड आणि मर्डॉक रिची या तिघांनी लंडनमध्ये एक सुंदर प्रयोग केला. व्यायामाच्या दोन सायकली पाठीला पाठ लावून साखळीने अशा जोडल्या की एकाने पायडल पुढे मारायचे आणि दुसऱ्याने, पायडल उलटे फिरत असताना, त्याला पायाने विरोध करायचा. दोघांच्या पायांवरचे बल सारखे, वेगही सारखा, पण विरोध करणाऱ्याला लागणारा ऑक्सिजन पायडल मारणाऱ्याच्या मानाने कितीतरी कमी निघाला. चढणारा धावपटू म्हणजे पायडल मारणारा, उतरणारा म्हणजे विरोध करणारा. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत जाऊन शरीर वर उचलतो. उतरताना गुडघा वाकतो, तोच स्नायू ताणला जात असतो आणि ताणला जातानाच जोर लावून शरीराला आवरत असतो. लांबत जाणाऱ्या स्नायूच्या या कामाला एक्सेन्ट्रिक आकुंचन म्हणतात.

हे काम स्वस्त का पडते, याचे कारण स्नायूच्या आतल्या रचनेत आहे. स्नायुतंतू सार्कोमिअर नावाच्या सूक्ष्म घटकांचा बनलेला असतो. एका मिलिमीटर लांबीत असे चारशेहून अधिक घटक एकापुढे एक रांगेत बसतात. प्रत्येकात ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे धागे एकमेकांना पकडतात, ओढतात आणि सोडतात. आखडताना प्रत्येक पकड सोडवण्यासाठी एटीपी हे इंधन जळते. ताणले जाताना मात्र बऱ्याच पकडी बाहेरच्या ओढीनेच सुटतात, त्यांच्यासाठी इंधन लागत नाही. शिवाय टायटिन हे स्प्रिंगसारखे प्रचंड प्रथिन ताणाचा काही भार स्वतः उचलते. त्यामुळे तेवढाच भार पेलायला कमी तंतू पुरतात. ऑक्सिजन वाचतो तो असा, आणि नुकसानही इथूनच सुरू होते, कारण कामाला लागलेल्या त्या थोड्या तंतूंपैकी प्रत्येकावर येणारा ताण मोठा असतो. रांगेतले दुबळे सार्कोमिअर प्रमाणाबाहेर ताणले जातात, काहींची रचना विस्कटते, आणि त्यांच्या आजूबाजूचे आवरणही दुखावते. छाती शांत आणि मांड्या निकामी, ही माझी त्या दिवशीची अवस्था अशी झाली होती. हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून धावण्याची सवय झालेल्याला घड्याळ उतारावर कसलाही इशारा देत नाही.

त्यात आदळण्याची भर पडते. जिंजर गॉटशाल आणि रॉजर क्रॅम यांनी २००५ मध्ये ९ अंशांच्या उतारावर धावणाऱ्यांच्या पावलांचे बल मोजले, तेव्हा जमिनीवर आदळण्याचे कमाल बल सपाटीपेक्षा ५४ टक्क्यांनी आणि वेगाला रोखणारे बल ७३ टक्क्यांनी जास्त भरले. पाय शरीराच्या पुढे लांब टाकून, टाच रोवून ब्रेक लावत उतरण्याची नवख्याची पद्धत याच रोखणाऱ्या बलाला आमंत्रण देते. पावले आखूड आणि जलद ठेवली, पाय शरीराच्या खालीच पडू दिला आणि गुडघा किंचित वाकलेला राखला, तर प्रत्येक पावलाचा वाटा कमी होतो.

दुसऱ्या दिवशी अंग धरते आणि त्याचा दोष आपण सवयीने लॅक्टिक ॲसिडला देतो. हा समज टाकून द्यायला हवा. धावणे थांबल्यावर तासाभरात रक्तातले लॅक्टेट पूर्वपदावर येते, तर वेदना मात्र २४ ते ७२ तासांत शिगेला पोहोचते. ती येते ती तंतूंच्या इजेतून आणि तिच्या पाठोपाठ सुरू होणाऱ्या दाहातून. थिओडोर हफ यांनी १९०२ मध्येच या उशिरा येणाऱ्या दुखण्याचा संबंध स्नायूच्या आतील फाटण्याशी जोडला होता. हे दुखणे बहुधा आपोआप बरे होते. मात्र शर्यतीनंतर लघवी गडद चहासारखी होत असेल तर स्नायूंतले प्रथिन मोठ्या प्रमाणावर रक्तात उतरल्याची ती खूण असू शकते आणि तेव्हा विलंब न करता डॉक्टरांकडे जावे. शरीरातले पाणी कमी झालेले असताना आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या घेऊन धावणे मूत्रपिंडांवर भार टाकणारे आहे. ही सवय धावपटूंत बरीच दिसते, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

या साऱ्यातली आशेची बाजू अशी की स्नायू उतार फार लवकर शिकतो. उतारावरच्या एकाच सरावानंतर, पहिली इजा भरून आल्यावर, तोच सराव पुन्हा केला तर दुखणे आणि ताकदीतली घट दोन्ही लक्षणीय कमी होतात, आणि हे संरक्षण काही आठवडे टिकते. यामागे मेंदूने भार अधिक तंतूंत वाटून देणे, तंतूंभोवतीचे आवरण बळकट होणे, रांगेत नवे सार्कोमिअर वाढणे अशी अनेक कारणे एकत्र काम करतात असे मानले जाते. धावण्याच्या दमाला महिने लागतात. उताराच्या या लसीला दोन-तीन मोजक्या मात्रा पुरतात. ही मात्रा शर्यतीच्या आदल्या आठवड्यात घेतली तर मात्र दुखऱ्या मांड्या घेऊनच धावावे लागते, म्हणून शेवटचा कसदार उतार शर्यतीपूर्वी किमान दोन आठवडे झालेला असावा.

कोल्हापूरकराला हे शिकायला लांब जावे लागत नाही. गंगावेश किंवा मोतीबाग तालमीतला पैलवान पिढ्यानपिढ्या ज्या बैठका मारत आला आहे, त्यातली खाली जाण्याची अर्धी क्रिया म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूचे एक्सेन्ट्रिक आकुंचनच आहे. बैठक सावकाश खाली नेली की तोच व्यायाम उताराची पूर्वतयारी होतो. आपण धावणारे लोक बैठकांकडे पैलवानांचे काम म्हणून पाहत आलो, याची मला खंत वाटते.

मांड्यांनंतर प्रश्न येतो घोट्याचा. डांबरावर प्रत्येक पाऊल आधीच्या पावलासारखे पडते; पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावरच्या जांभ्यावर एकही पडत नाही. जांभा कोरडा असताना त्याच्या खडबडीत, छिद्रांनी भरलेल्या पृष्ठावर बूट छान धरून राहतो, पण पावसाळ्यात त्यावर शेवाळाचा थर आला की तीच वाट घसरगुंडी होते. पाय मुरगळू लागला की नडगीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू प्रतिक्षिप्त क्रियेने त्याला सावरू पाहतात, परंतु हा प्रतिसाद सुरू व्हायलाच ६० ते ८० मिलिसेकंद लागतात आणि तोवर घोटा बहुतेक वळून गेलेला असतो. म्हणजे घोट्याचे खरे रक्षण पाय टेकण्याआधीच स्नायू ताणून तयार ठेवण्यात आहे, आणि ते काम डोळ्यांवर अवलंबून असते. टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये खडकाळ वाटेवर चालणाऱ्यांच्या नजरेचा माग काढला, तेव्हा वाट कशीही असली तरी लोक साधारण दीड सेकंदानंतर जिथे पोहोचणार तिथे पाहत असल्याचे आढळले. नवखा धावपटू घाबरून बुटांच्या टोकाकडे पाहतो. त्या जागेचा निर्णय घ्यायला आता वेळच उरलेला नसतो.

आता उष्णतेबद्दल थोडे. धावताना खर्च होणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग, सुमारे तीन चतुर्थांश, उष्णता म्हणून बाहेर टाकावा लागतो. एक लिटर घामाचे बाष्प झाले तर सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता निघून जाते, पण ओघळून खाली पडलेला घाम काहीच थंडावा देत नाही. ताशी दहा किलोमीटरने रस्त्यावर धावताना आपल्याच वेगाचा वारा अंगाला लागत असतो. जुलैमध्ये करवंदीच्या जाळ्यांतून चढ चढताना शरीर तेवढीच उष्णता तयार करते, वेग मात्र ताशी चार किलोमीटरवर आलेला असतो आणि हवा दमट असते, त्यामुळे पाऊस पडत असतानाही धावपटू आतून तापतो. अशा वेळी नुसते पाणी पीत राहणेही धोक्याचे आहे. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम प्रमाणापेक्षा कमी आढळले आणि त्याचे मुख्य कारण शर्यतीत वजन वाढण्याइतके पाणी पिणे हे होते. तहान लागेल तसे प्यावे आणि बरोबर काही खारट खावे. इंधन म्हणून कोल्हापुरी गूळ आणि खारे शेंगदाणे खिशात असले तरी चालते. गुळातली साखर पोटात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज अशी विभागली जाते आणि आतडे या दोन्ही वेगवेगळ्या मार्गांनी शोषून घेते. शेंगदाणे मात्र पचायला सावकाश, ते चढ संपल्यावर खावेत.

पुढच्या शर्यतीच्या आधी मी पन्हाळ्याचा शिरस्ता उलटा केला. एसटीने वर गेलो आणि पायवाटेने, आखूड पावलांनी, थांबत थांबत खाली उतरलो. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला धरावे लागले. दोन आठवड्यांनी त्याच वाटेने तितक्याच वेगात पुन्हा उतरलो, मांड्या थोड्या जड झाल्या इतकेच, आणि तिसऱ्या दिवशी पंगतीत सर्वांबरोबर मांडी घालून जेवलो.